भावनांचे मोजमाप आणि भाषेचे माप

१

कुमारवयीन मुलामुलींच्या व नवतरुणांच्या मनःस्थितीचे मोजमाप करावे की करू नये, हा प्रश्न आता केवळ चर्चेचा राहिलेला नाही. ते मोजमाप होऊ लागले आहे, आणि यापुढे ते अधिकच होणार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ च्या जानेवारी ते मार्च या काळात सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची मानसिक स्वास्थ्याविषयी पाहणी केली. तीत ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण म्हणून सांगितले. २०२५ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांतील मानसिक स्वास्थ्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा, ही त्यांतील एक अपेक्षा होय. समुपदेशक आला म्हणजे त्याच्या पाठोपाठ प्रश्नावली येणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

यामागची निकड कोणी नाकारू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. सर्व वयोगटांचा एकत्रित विचार केला, तर त्या वर्षी आत्महत्यांचे प्रमाण देशात दर लाख लोकसंख्येमागे १२.४ होते, छत्तीसगढमध्ये ते २८.२ होते. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. अशा परिस्थितीत भावना ही मोजण्याची वस्तूच नव्हे, असे म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने बाजूला होणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण असेल. जबाबदारीचे खचित नाही.

प्रस्तुत लेखकाचा विषय मानसशास्त्र नव्हे, तौलनिक साहित्य आहे. परंतु भावनामापनाची जी साधने आज सर्वत्र रूढ आहेत ती शब्दांची बनलेली आहेत, आणि एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत नेला असता त्याचे काय होते, हा तौलनिक साहित्याचा अगदी घरचा प्रश्न आहे. म्हणून या विषयात आमच्यासारख्यांनी दोन शब्द बोलणे अनधिकाराचे ठरू नये. या लेखात मांडावयाचे आहे ते एवढेच की, भावनांच्या मापनातील पहिली अडचण गणिताची नसून भाषेची आहे. आणि रायपूरसारख्या बहुभाषिक नगरात ती जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

२

प्रथम मापनाच्या साधनाचा थोडक्यात परिचय करून घेऊ. १९६९ मध्ये नॉर्मन ब्रॅडबर्न या अमेरिकन अभ्यासकाने असे दाखवून दिले की, सुखद भावना आणि दुःखद भावना ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत. एक वर गेले म्हणजे दुसरे खाली जाते असे नाही. माणसाच्या ठिकाणी दोन्ही एकाच वेळी अधिक असू शकतात आणि दोन्ही एकाच वेळी उणीही असू शकतात. या विचाराला पुढे १९८८ मध्ये डेव्हिड वॉट्सन, ली अ‍ॅना क्लार्क आणि ऑक टेलिजेन यांनी एक सुटसुटीत साधन दिले. त्यांच्या मापिकेत वीस शब्द आहेत; दहा अनुकूल भावनांचे, दहा प्रतिकूल भावनांचे. प्रत्येक शब्दासमोर, ती भावना आपणास कितपत जाणवते, हे एक ते पाच या अंकांत लिहावयाचे. ‘या क्षणी’, ‘आज’, ‘गेल्या आठवड्यात’, ‘सर्वसाधारणतः’ असे निरनिराळे कालावधी घालून हीच मापिका वापरता येते. १९९९ मध्ये मुलांसाठी तिचे सत्तावीस शब्दांचे निराळे रूप तयार झाले. आज जगभर या मापिकांचा वापर होतो आणि आपल्याकडील अनेक विद्यापीठांतील प्रबंध तिच्यावर उभे आहेत.

या दुहेरी मापनाचे महत्त्व काय, हेही समजून घेतले पाहिजे. क्लार्क आणि वॉट्सन यांनीच १९९१ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रतिकूल भावनांचे आधिक्य हे चिंता आणि विषण्णता या दोन्ही विकारांत आढळते. परंतु अनुकूल भावनांची ओहोटी ही विशेषेकरून विषण्णतेची खूण आहे. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर, जो मुलगा रडतो, चिडतो, घाबरतो, त्याच्याकडे घरच्यांचे लक्ष जातेच. ज्याला कशातच गोडी उरलेली नाही, ज्याचा हुरूप हळूहळू आटत चालला आहे, तो मात्र ‘शांत आणि समंजस’ म्हणून नजरेआड होतो. अनुकूल भावना स्वतंत्रपणे मोजण्याचा खरा लाभ अशा मुलाला आहे. म्हणूनच अनुकूल भावनांचे शब्द भाषांतरात बिघडले, तर बिघाड होतो तो नेमका जेथे होऊ नये तेथे.

आणि तेच शब्द सर्वांत अधिक बिघडतात. मूळ मापिका मुख्यतः टेक्सासमधील एका खाजगी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून सिद्ध झाली. त्या समाजात ज्या भावनांना मान आहे, त्या भावना तीत ‘अनुकूल’ म्हणून आल्या: उत्तेजना, जोम, अभिमान, निर्धार, सावधपणा, उत्साह. यांत ‘आनंदी’ हा शब्दच नाही, आणि ‘समाधानी’ हाही नाही. जीन साय या संशोधिकेने २००६ पासून पुढे मांडलेला विचार असा की, कोणती अनुकूल भावना हवीशी वाटावी, हे संस्कृतिसापेक्ष असते. अमेरिकनांना उसळता आनंद प्रिय, तर पूर्व आशियातील अनेकांना शांतता प्रिय. मराठी संतपरंपरेत वाढलेल्या वाचकास हे निराळे सांगावयास नको. ज्या भाषेत ‘समाधान’ हे सर्व सुखांचे माहेर मानले जाते, त्या भाषेतील समाधानी मुलगा या मापिकेवर अनुकूल भावनांत दरिद्री ठरण्याचा संभव आहे.

३

आता रायपूरकडे वळू. नागपूरकर भोसल्यांच्या कारकिर्दीपासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे येऊन स्थायिक होऊ लागली. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुराहून राज्य केले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे मध्यप्रांत आला, गेला. २००० सालच्या १ नोव्हेंबरला छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले. मराठी कुटुंबे मात्र येथेच राहिली. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ हे त्यांचे परिचित केंद्र. पण शंकर नगरासारख्या वस्त्यांतूनही मराठी घरे विखुरलेली आहेत. या घरांतील कुमारवयीन मुलगी सकाळी आईशी मराठीत बोलते, शाळेत हिंदीत, बाजारात छत्तीसगढीत, आणि विज्ञानाचा पेपर इंग्रजीत लिहिते. तिच्यासमोर भावनांची प्रश्नावली ठेवावयाची ती यांपैकी कोणत्या भाषेत?

हिंदीत ठेवावी, असे सहज उत्तर येईल. तर मापिकेतील दोनच शब्द तपासून पाहू. निर्धारवाचक इंग्रजी शब्दासाठी बोलीतला सोपा शब्द म्हणून कोणी ‘ज़िद्दी’ घेतला, तर हिंदीत तो दोषवाचक आहे. हट्टी पोराला लावावयाचे ते विशेषण. मराठीत ‘जिद्द’ हा गुण आहे. जिद्दीने शिकलेल्या माणसाचे आपण कौतुक करतो. दुसरा शब्द अभिमानाचा. हिंदीत आपल्या शाळेवर, देशावर ‘गर्व’ असणे ही स्तुत्य गोष्ट. मराठीत गर्व हा सद्गुण नव्हे, त्याचे घर खालीच व्हावयाचे. उलट मराठीत ‘अभिमान’ बाळगावा असा असतो, तर हिंदीत त्याच शब्दाला अहंकाराची छटा चिकटते. आणि हाच शब्द बंगालीत गेला म्हणजे त्याचा अर्थ होतो प्रियजनाने दुखावल्यामुळे आलेला रुसवा! एकच संस्कृत शब्द तीन भगिनीभाषांत तीन भावना होऊन बसला आहे. घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणारी आमची मुलगी ‘गर्व’ या शब्दासमोर तीन हा अंक लिहिते, तेव्हा तिच्यातील कोणी उत्तर दिले, हे कोणास ठाऊक?

ही उदाहरणे अपवादात्मक नाहीत. ‘राग’ मराठीत क्रोध, हिंदीत व संस्कृतात अनुराग. ‘कौतुक’ हिंदीत कुतूहल, मराठीत वत्सल प्रशंसा. ‘शिक्षा’ हिंदीत विद्या, मराठीत दंड. परीक्षेच्या दिवसांत हे दोन्ही अर्थ एकच असल्याचे अनेक मुलांना वाटत असेल, ही गोष्ट निराळी. सावधपणाचा शब्द घ्या. मूळ मापिकेत तो अनुकूल भावनांत मोडतो; तरतरीत, जागरूक, असा त्याचा आशय. मराठीत ‘सावध’ म्हटले की धोका सूचित होतो. ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थांची आख्यायिका ज्या समाजात घरोघर सांगितली जाते, त्या समाजात हा शब्द निव्वळ तरतरीतपणाचा कसा राहील?

लज्जेचा प्रश्न याहून गहन आहे. मूळ मापिकेत ती प्रतिकूल भावना आहे. मराठीत ‘लाज वाटणे’ यात अपमानही येतो, संकोचही येतो, आणि सोळाव्या वर्षीचा हवाहवासा लाजरेपणाही येतो. छत्तीसगढच्या शेजारी ओडिशात उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर यांनी लज्जेच्या कल्पनेचा अभ्यास करून १९९४ मध्ये दाखविले की, तेथे लज्जा हा स्त्रीचा अलंकार आणि समाजाचे एक बळ समजले जाते. ही समजूत इष्ट आहे की अनिष्ट, हा वाद निराळा. स्त्रीच्या लज्जेचे ओझे किती मोठे असते, हे मराठी लेखिकांनी पुरेसे सांगितले आहे. परंतु एखाद्या मुलीने लज्जेसमोर चार हा अंक लिहिला तर तो तिच्या दुःखाचा आकडा समजावा की तिच्या संस्काराचा, हे मापिका सांगू शकत नाही.

उलट बाजूने पाहावे, तर मराठीत असे कितीतरी शब्द आहेत की जे या मापिकेच्या कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. हुरहूर घ्या. शिक्षणासाठी पुण्याला निघालेल्या मुलाला घर सुटण्याची आणि नवे जग दिसण्याची जी एकत्र जाणीव होते ती सुखद की दुःखद? रुखरुख, चुटपुट, घालमेल, धाकधूक, तगमग, कुचंबणा, ओशाळलेपण, उमाळा, भरून येणे, हुरूप, उभारी: या प्रत्येक शब्दात मनाची एक नेमकी अवस्था पकडलेली आहे. कुचंबणा ही केवळ ‘त्रास’ नव्हे. ज्याला बोलता येत नाही आणि सोडूनही जाता येत नाही त्याची ती अवस्था आहे. आई-वडिलांच्या इच्छेखातर नको त्या अभ्यासक्रमात अडकलेल्या तरुणाला ‘आपण व्यथित आहात काय?’ असे विचारले तर तो नाही म्हणेल. ‘तुझी कुचंबणा होते का?’ असे विचारले तर कदाचित त्याचे डोळे उत्तर देतील.

४

भावनांची मोजदाद आपल्या परंपरेला परकी आहे, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक असे एकूण एकोणपन्नास भाव मोजलेले आहेत. सुखात्मक आणि दुःखात्मक अशी विभागणीसुद्धा आपल्याकडे झालेली आहे: बाराव्या शतकात रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी नाट्यदर्पणात करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे रस दुःखात्मक, आणि बाकीचे सुखात्मक, असा पक्ष घेतला. मराठीत डॉ. के. ना. वाटवे यांनी १९४२ मध्ये ‘रसविमर्श’ लिहून रसव्यवस्थेची मॅक्डूगलच्या मानसशास्त्राशी सांगड घालून पाहिली. ती सांगड सर्वांना पटली नाही. परंतु मानसशास्त्र आणि साहित्यशास्त्र यांनी एकमेकांशी बोलावे, ही गोष्ट मराठीला नवी नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

भरताचे भाव रंगभूमीसाठी आहेत, दैनंदिन जीवनाच्या मोजणीसाठी नाहीत, हे अर्थातच लक्षात ठेवले पाहिजे. तरीही त्याच्या व्यवस्थेतून आजच्या मापनशास्त्राला दोन गोष्टी घेता येतील, असे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, भरताने व्यभिचारी भावांवर सुखाचा किंवा दुःखाचा कायमचा शिक्का मारलेला नाही. चिंता, औत्सुक्य, स्मृती, आवेग हे भाव कोणत्या स्थायी भावाच्या सेवेत उभे आहेत, यावर त्यांची चव अवलंबून असते. प्रियेच्या विरहातील चिंता निराळी आणि मृत्यूनंतरच्या शोकातील चिंता निराळी. निकालाच्या आदल्या रात्रीची धाकधूक ही उत्साहाच्या पोटी असेल तर ती मुलाला पुढे नेते. भयाच्या पोटी असेल तर त्याला गिळते. मापिकेवर दोन्हींचा अंक एकच. म्हणून शब्दाबरोबर त्याचा प्रसंगही विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या तेहतिसांत ‘अवहित्थ’ नावाचा एक भाव आहे. अवहित्थ म्हणजे भावनेचे गोपन. मनात एक असता चेहऱ्यावर दुसरेच दाखविणे. लपविणे हासुद्धा एक भाव आहे, ही अंतर्दृष्टी विलक्षण आहे. कारण स्वतः उत्तर लिहावयाच्या प्रत्येक प्रश्नावलीचा हाच खरा शत्रू होय. वर्गात बाक जवळजवळ, शेजारी मैत्रीण, कागद गोळा करणार त्या वर्गशिक्षिका, त्यांचे आणि बाबांचे बोलणे होते हे ठाऊक. अशा स्थितीत पंधरा वर्षांची मुलगी ‘भयभीत’ या शब्दासमोर पाच लिहील काय? शिवाय आपल्या समाजात फार सुखी आहे असे उघड म्हणण्याचीही चोरी आहे, कारण दृष्ट लागते. ‘कसे चालले आहे?’ या प्रश्नाला ‘बरे आहे’ हे आपले पिढीजात उत्तर. एक ते पाच या मापावर ‘बरे’ म्हणजे तीन. महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील किती मराठी मुलांची मने या तिनाच्या आड दडलेली असतील!

कथाकादंबऱ्यांनी हे गोपन फार पूर्वी ओळखले होते. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर आपल्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूला सामोरा जातो, तेव्हा शोक, संताप आणि उपहास यांची अशी सरमिसळ होते की, कोणता भाव कोणाआड उभा आहे हे वेगळे काढता येत नाही. प्रकाश नारायण संतांचा बेळगावकडचा लंपन आणि मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तील (२००४) नववीतला मुकुंद यांच्या मनात दिवसाकाठी जेवढे चढउतार होतात, तेवढे आठवड्यातून एकदा भरलेल्या तक्त्यात मावणार नाहीत. या वयाचा धर्मच तो. प्रतिकूल भावना आढळली की विकार आढळला, असे समजणारा शिक्षक या मुलांना रोगी ठरवील; आणि सारे या वयाचेच आहे म्हणून सोडून देणारा शिक्षक खऱ्या रोग्यास गमावील.

५

येथे मानसशास्त्राचे अभ्यासक दोन आक्षेप घेतील, आणि ते विचारात घेतलेच पाहिजेत.

पहिला असा की, भाषांतराची पडताळणी करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत उपलब्ध आहे. रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये प्रत्यनुवादाची पद्धत मांडली: एकाने इंग्रजीतून मराठीत आणावे, दुसऱ्याने मूळ न पाहता मराठीतून पुन्हा इंग्रजीत न्यावे, आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावेत. पद्धत उपयुक्त आहे, पण तिला एक छिद्र आहे. मराठी ‘गर्व’ पुन्हा इंग्रजीत नेला की मूळचाच शब्द परत येईल आणि भाषांतर उत्तीर्ण होईल. शब्द परत आला. त्याचे मूल्य उलटे झाले ते मात्र दिसले नाही. कोशातील अर्थ सीमा ओलांडून सुखरूप परततो. समाजाने त्या शब्दाला दिलेली पत परतत नाही.

दुसरा आक्षेप असा की, शब्द एकमेकांशी सुसंगत उत्तरे देतात किंवा नाही, हे संख्याशास्त्राने तपासता येते. दोन भाषिक गटांत मापिका सारखीच वागते काय, हेही पाहता येते. हे खरे आहे, आणि ही तपासणी प्रत्येक ठिकाणी झालीच पाहिजे. परंतु शब्द एकत्र बांधले गेले आहेत एवढेच अंतर्गत सुसंगतीचा गुणक सांगतो. ते कशाभोवती बांधले गेले आहेत, हे तो सांगत नाही. दहा संस्कृतप्रचुर शब्दांना मुलांनी न समजता सारखीच उत्तरे दिली, तरी सुसंगती उत्तमच येईल. ‘उद्विग्न’ आणि ‘उत्तेजित’ हे शब्द भाषांतरकाराच्या टेबलावर शोभून दिसतात. नववीतला मुलगा ‘टेन्शन’, ‘बोअर’ आणि ‘मूड ऑफ’ या शब्दांत जगतो. ‘टेन्शन’ हा आता इंग्रजी शब्द राहिलेला नाही. त्यात काळजी, दडपण, भीती आणि कधीकधी नुसता कंटाळा, हे सर्व आले. भाषाशुद्धीचा आग्रह इतरत्र जरूर असावा. परंतु ज्या शब्दात मूल आपले दुःख सांगते, तो शब्द अशुद्ध म्हणून नाकारण्याचा अधिकार कोणासही नाही.

बाहेरचे साधन आणताना ते आपल्या भूमीत नव्याने रुजवावे लागते, ही जाणीव मराठी-कन्नड सीमेवर पूर्वीच झालेली होती. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या बुद्धिमापन कसोटीचे कन्नड व मराठी रूप १९३० च्या दशकात सिद्ध केले, ते प्रश्न केवळ भाषांतरित करून नव्हे, तर येथील मुलांवर पारखून. बिने-कामत कसोटी म्हणून ती पुढे दीर्घकाळ देशभर वापरली गेली. बुद्धीच्या बाबतीत जी काळजी तेव्हा घेतली गेली, ती भावनांच्या बाबतीत आज घेतली जाऊ नये, हे आश्चर्य होय. भावना तर बुद्धीहून अधिक भाषेच्या अधीन.

६

मग करावे काय? केवळ दोष दाखवून थांबणे योग्य नव्हे. म्हणून काही सूचना मांडतो.

पहिली सूचना शंकर नगरातूनच सुरू होऊ शकेल अशी आहे. छत्तीसगढची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद याच शंकर नगरात आहे. तिने प्राथमिक वर्गांसाठी छत्तीसगढी, हलबी, गोंडी, कुडुख, सरगुजिहा अशा भाषांतून वाचनसाहित्य तयार केले आहे. यांपैकी हलबीत मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी यांचे मिश्रण आहे, हे मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावे. ज्या संस्थेपाशी इतक्या भाषांचे जाणकार एकत्र येऊ शकतात, तेथे भावनावाचक शब्दांचा एक बहुभाषिक संग्रह होणे अवघड नाही. शब्द कोशातून घेऊ नयेत, मुलांकडून घ्यावेत. ‘परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात काय होते?’, ‘मैत्रीण बोलेनाशी झाली तर काय वाटते?’ असे विचारून जे शब्द येतील ते नोंदवावेत. रायपूरच्या मुलाला घरची भाषा आणि शाळेची भाषा अशा दोन्ही याद्या समोर द्याव्यात, आणि कोणत्या भाषेत उत्तर द्यावयाचे ते त्यानेच ठरवावे. बस्तरहून वसतिगृहात आलेल्या गोंडीभाषक मुलाचे मन हिंदी प्रश्नावलीने मोजणे म्हणजे बहुधा त्याचे हिंदी मोजणे होय.

दुसरी सूचना: प्रत्येक शब्दासमोर अंक मागण्यापूर्वी काही मुलांशी बसून, ‘हा शब्द वाचून तुझ्या मनात काय आले?’ हे विचारावे. या कामात भाषा आणि साहित्य यांच्या अध्यापकांचा सहभाग असावा. हा आमच्या विद्याशाखेचा स्वार्थ नव्हे. हिंदी-मराठी व्यवहाराची या प्रदेशात थोर परंपरा आहे: १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, राजनांदगावच्या महाविद्यालयात १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी मातृभाषेचे असून हिंदीचे कवी झाले, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहून दोन्हीकडची हवा ओळखणारी माणसे या भूमीत निर्माण झालेली आहेत. प्रश्नावलीचे भाषांतर अशाच माणसांचे काम आहे. ते कारकुनी काम नव्हे.

तिसरी सूचना मापनाच्या वेळेविषयी. एकदाच भरून घेतलेल्या कागदापेक्षा दिवसाच्या निरनिराळ्या क्षणी घेतलेली नोंद अधिक खरी असते. चंदीगढच्या सुमन वर्मा आणि अमेरिकेचे रीड लार्सन यांनी आठवीतील शंभर मुलांना गजराची घड्याळे देऊन आठवडाभर अशा नोंदी घेतल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात अभ्यासाच्या वेळीच मुलांची मनःस्थिती खालावते असे दिसून आले. असा पुरावा अधिक बोलका असतो, कारण कोण दुःखी आहे याबरोबरच केव्हा आणि काय करताना दुःखी आहे, हेही तो सांगतो. आणि मग उपाय मुलावर न करता वेळापत्रकावर करता येतो.

चौथी सूचना सर्वांत तातडीची. उत्तरपत्रिकेवर नाव असावे की नसावे, ती कोण वाचणार, कोठे ठेवणार, हे मुलाला आधी समजले पाहिजे. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत नाव लिहिणे ऐच्छिक ठेवले होते, ते योग्यच होते. परंतु ज्या मुलाला मदत हवी आहे त्याच्यापर्यंत निनावी कागदावरून पोहोचता येत नाही, हीही अडचण खरी आहे. तिच्यावर तोड एकच: ज्याला बोलावयाचे आहे त्याला, वर्गाबाहेर, विश्वासाच्या माणसापाशी जाण्याची वाट खुली असली पाहिजे. शाळांची आणि शिकवणी वर्गांची ‘आनंदा’च्या गुणांनुसार क्रमवारी लावण्याचा मोह कोणालाही होऊ नये. गुणांच्या शर्यतीने आधीच थकलेल्या मुलांवर सुखी दिसण्याची आणखी एक परीक्षा लादली जाईल, आणि तीतही ती अवहित्थाच्या बळावर उत्तीर्ण होतील.

आणि शेवटची गोष्ट. जेथे मापनानंतर मदत नाही, तेथे मापन करू नये. ताप पाहून निघून जाणाऱ्या वैद्याने रोग्याची निराशाच अधिक वाढविली असे होईल. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांतून सुरू झाली आहे. प्रत्येक प्रश्नावलीच्या तळाशी तो क्रमांक ठळक छापणे ही किमान मर्यादा समजावी. तथापि क्रमांक हा समोर बसून ऐकणाऱ्या माणसाला पर्याय नव्हे.

भावना मोजू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. मोजाव्यातच, परंतु मापिकेतील प्रत्येक शब्दाला कोणाचे तरी घर आहे, कोणाचे तरी बालपण आहे, हे ध्यानात ठेवून मोजाव्यात. ज्या मुलाला आपल्या अवस्थेचे नाव सापडते, त्याला ती अवस्था दुसऱ्यास सांगता येते; आणि सांगता येणे हीच मदतीची पहिली पायरी असते. हुरहूर, घालमेल, कुचंबणा हे शब्द पुढच्या पिढीच्या तोंडी राहिले पाहिजेत, ते मराठीच्या वैभवासाठी नव्हे, तर त्या पिढीच्या रक्षणासाठी. मानसशास्त्राने आकडा आणावा, भाषाभ्यासकाने शब्द आणावा. आणि दोघांनी मिळून त्या मुलाचे म्हणणे ऐकावे.